गावात सात जण, पाठीशी मोठे गोत



पिकावर मावा पडला तर आपण चार जणांना विचारतो. म्हैस रवंथ करीत नसेल तर रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवतो. परंतु घरचा कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला, की मात्र आपण दार आतून लावून घेतो. उसाचे बिल आणि दुधाचा पगार वाटेतच जिरतो, सोसायटीचे देणे थकते, खताची वेळ हुकते, आणि घरची माउली 'त्यांना बरं नाही' असे सांगून आल्या-गेल्याची बोळवण करते.

अशा घरात शपथा काही कमी होत नाहीत. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी ग्रामदैवतापुढे नारळ फोडतो, कोणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या घटकेला ती शपथ खोटी नसते. पण पुढे पोळा येतो, जत्रा येते, कोणाची तरी वरात निघते आणि जुने सोबती हाक मारतात. त्या वेळी त्याच्या बाजूने उभा राहणारा कोणी नसतो. निश्चय एकट्याचा असतो आणि बाटलीकडे मात्र सारी पंगत बसलेली असते.

या एकटेपणावर उपाय म्हणून दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी स्वतःच आपले गट उभे केले. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', थोडक्यात 'ए.ए.', हे त्या चळवळीचे नाव. आपले नाव जगजाहीर न करता एकत्र येणारे मद्यपी, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात शहरांप्रमाणे लहान गावांतूनही हे गट भरतात. गटात बसून माणसे दारू सोडतात, हे आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. आज आपण पाहणार आहोत ते त्याच्या पुढचे. गावातला पाच-सात जणांचा गट बाहेरच्या मोठ्या बंधुत्वाशी कसा जोडलेला असतो आणि ही जोड नसेल तर काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण गट सुरू करणे सोपे, तो टिकवणे अवघड.

एका मद्यप्याने दुसऱ्याला शोधले

या चळवळीचा जन्म अमेरिकेत झाला. बिल विल्सन नावाचे गृहस्थ शेअर बाजारात काम करीत. दारूने त्यांचे सर्व काही गेले होते. सन १९३४ च्या डिसेंबरात त्यांनी दारू सोडली. पुढे मे १९३५ मध्ये ते एका व्यवहारासाठी ॲक्रन या गावी गेले. व्यवहार फिसकटला. परक्या गावात, हॉटेलात ते एकटे होते आणि जवळच मद्यपानाचा हॉल होता. मन डळमळू लागले, तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि गावातील चर्चमध्ये चौकशी सुरू केली, की मला बोलायला एखादा मद्यपी माणूस भेटेल काय? त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. डॉक्टरांनी १० जून १९३५ पासून दारूला स्पर्श केला नाही. तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिन मानला जातो.

डॉ. बॉब स्वतः डॉक्टर. दारूचे दुष्परिणाम त्यांना कोणी शिकवायला नकोत. तरी ज्ञानाने जे झाले नाही ते सारख्याच दुखण्याच्या माणसाशी बोलून झाले. शेतीविस्ताराच्या कामात आम्ही हेच रोज पाहतो. अधिकाऱ्याने दहा वेळा सांगितले तरी बीजप्रक्रिया होत नाही. बांधाशेजारच्या शेतकऱ्याने एकदा करून दाखवली की सारी वाडी करते. ज्याने स्वतः भोगले त्याचा शब्द काळजाला लागतो.

सन १९३९ मध्ये या मंडळींनी आपला अनुभव पुस्तकरूपाने छापला, तेव्हा ते सारे मिळून शंभराच्या आसपास होते. सन १९४१ च्या मार्चमध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात त्यांच्यावर लेख आला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार झाले. भारतात हे काम सन १९५७ मध्ये सुरू झाले. आज सुमारे १८० देशांत मिळून एक लाखाहून अधिक गट आहेत.

एकटा गट का मोडतो?

समजा, एका तालुक्याच्या गावी शाळेच्या खोलीत दर गुरुवारी सात जण जमतात. एक जण आपली हकिगत सांगतो, बाकीचे ऐकतात. कोणी कोणाला उपदेश करीत नाही. दीड तासाने चहा होतो आणि मंडळी पांगतात. सहा महिने हे छान चालते. मग एकाची बदली होते. एक जण पुन्हा पिऊ लागतो आणि लाजेने यायचे टाळतो. उरलेल्यांपैकी दोघांत खोलीच्या किल्लीवरून बोलाचाली होते. त्यातच एखादा नवा माणूस थरथरत्या हातांनी येतो. त्याला दवाखान्यात न्यायचे की बसवून घ्यायचे, हे कोणालाच कळत नाही. एका गुरुवारी कुलूप उघडतच नाही.

शेतकरी गटांचे काय होते ते आपण जाणतोच. ज्या गटाचा दुसऱ्या गटाशी, बाजाराशी संबंध नाही, तो पहिल्याच वाईट हंगामात फुटतो. दारू सोडणाऱ्यांच्या गटात तर पणाला लागलेले असते ते माणसाचे आयुष्य. म्हणून अशा गटाला बाहेरचे गोत हवे. ही जोड चार धाग्यांनी बांधलेली असते.

पहिला धागा माणसांचा. जुना सभासद नव्याचा पाठीराखा होतो; त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. शेजारच्या गावचे सभासद आपल्या सभेला येतात आणि आपले त्यांच्याकडे जातात. त्यामुळे त्याच त्या सात चेहऱ्यांत नवी हकिगत येते. आपल्या गावचा माणूस कामानिमित्त पुण्याला, सुरतेला किंवा आखाती देशात गेला, तरी तिथे गट शोधून त्याला बसता येते. पत्ता बदलला म्हणून आधार तुटत नाही.

दुसरा धागा वाङ्मयाचा. सर्व गट तीच बारा पायऱ्यांची शिकवण आणि त्याच बारा परंपरा मानतात. पायऱ्या माणसाने स्वतःला कसे सावरायचे याविषयी आहेत, तर परंपरा गटांनी एकमेकांशी आणि जगाशी कसे वागायचे याविषयी. त्यामुळे कोल्हापूरच्या गटातला माणूस नागपूरच्या गटात बसला तरी त्याला परके वाटत नाही.

तिसरा धागा आंतरगट समितीचा. जवळपासचे गट मिळून ही समिती नेमतात. तिला 'इंटरग्रुप' म्हणतात. कोणत्या वारी, कुठे, किती वाजता सभा भरते याची यादी ठेवणे, मदतीसाठी येणारे फोन घेणे, पुस्तके पुरवणे, इस्पितळांत आणि तुरुंगांत जाऊन माहिती देणे अशी कामे ती करते. सात जणांच्या गटाला एकट्याने फोन सांभाळणे जमणार नाही. वीस गट मिळून ते सहज जमते.

चौथा धागा प्रतिनिधीचा. तो जरा सविस्तर पाहू.

आपला माणूस पुढे पाठवायचा

प्रत्येक गट आपल्यातला एक सभासद प्रतिनिधी म्हणून निवडतो. दारू सोडून बराच काळ झालेला, शांत डोक्याचा आणि सभांना नेमाने येणारा माणूस पाहतात. हा प्रतिनिधी गटाचे म्हणणे पुढच्या बैठकीत मांडतो आणि तिथले ठराव गटाला येऊन सांगतो. गटांचे प्रतिनिधी मिळून आपल्या भागाची सभा होते, आणि ती सभा देशपातळीवरच्या वार्षिक परिषदेसाठी आपला प्रतिनिधी निवडते. अमेरिका आणि कॅनडा मिळून असे ९३ विभाग आहेत. तिथली पहिली परिषद सन १९५१ मध्ये भरली, आणि सन १९५५ मध्ये सेंट लुईस येथील मोठ्या मेळाव्यात जुन्या मंडळींनी सारी जबाबदारी या परिषदेकडे, म्हणजेच गटांकडे सोपवली. भारतातही गट, आंतरगट समित्या, परिषद आणि सर्वसाधारण सेवा मंडळ अशी रचना आहे. देशाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे.

वाचकांना वाटेल, ही तर आपल्या सहकारासारखीच रचना झाली. गावची सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक आणि तिच्यावर राज्य बँक. दिसायला तशी आहे खरी, परंतु एक मोठा फरक आहे. इथे वरून हुकूम येत नाही. ए.ए.चे लोक आपली रचना कागदावर काढतात तेव्हा गट सर्वांत वर आणि मंडळ सर्वांत खाली दाखवतात. मंडळाने सेवा करायची, राज्य करायचे नाही. पदे ठराविक मुदतीची असतात आणि आळीपाळीने फिरतात, म्हणून कोणी कायमचा चेअरमन होऊन बसत नाही. परिषदेत महत्त्वाचा ठराव नुसत्या एका मताच्या फरकाने रेटत नाहीत, दोन-तृतीयांश मते लागतात. मोजणी झाल्यावरही हरलेल्या बाजूला पुन्हा बोलायची संधी देतात. आपल्या ग्रामसभांनी घ्यावा असाच हा धडा आहे.

एकसष्ट नियमांची गोष्ट

वरून हुकूम नाही, तर मग गट भरकटणार नाहीत काय? चळवळीच्या सुरुवातीच्या काळातली एक हकिगत ए.ए.चे लोक हसत सांगतात. अमेरिकेतील एका लहान गावच्या गटाने मोठा बेत केला. सभेची जागा, दवाखाना आणि मदतीचे कार्यालय सारे एकाच छपराखाली आणायचे. त्यासाठी त्यांनी एकसष्ट नियम तयार केले आणि मान्यतेसाठी मुख्य कार्यालयाकडे धाडले. कार्यालयाने कळवले, की असे उद्योग इतरत्र फसले आहेत. तथापि तुमचा गट स्वतंत्र आहे, निर्णय तुम्हीच घ्या. गटाने ऐकले नाही. थोड्याच दिवसांत सगळा डोलारा कोसळला. मग त्या गटाच्या पुढाऱ्याने एक छापील कार्ड सर्वत्र पाठवले. त्यावर बासष्टावा नियम होता. स्वतःला फार मोठे समजू नये, असा त्याचा मतलब.

या गोष्टीतले मर्म कार्यालयाच्या वागण्यात आहे. कार्यालयाने रोखले नाही, रागावून नाव कापले नाही, फक्त इतर गटांचा अनुभव पुढे ठेवला. आणि पडल्यावर त्या गटाने आपला अनुभव इतरांना दिला. मोठ्या गोताशी जोड असण्याचा खरा उपयोग हाच. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याला खावी लागत नाही.

अशाच ठेचांतून बारा परंपरा तयार झाल्या. पूर्वी प्रत्येक गटाचे सभासदत्वाचे नियम वेगळे होते. ते सारे एकत्र करून पाहिले तेव्हा कळले, की सगळे लावायचे ठरवले तर कोणालाच आत येता येणार नाही! मग एकच अट ठरली. दारू सोडण्याची इच्छा असली, की माणूस सभासद. जात, धर्म, शिक्षण, जमीन किती, काही विचारायचे नाही. या परंपरा सन १९४६ मध्ये प्रथम छापल्या गेल्या आणि सन १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या मेळाव्यात सर्वांनी स्वीकारल्या. गट आपल्या कारभारात स्वतंत्र आहे; परंतु ज्या गोष्टीने इतर गटांना किंवा साऱ्या चळवळीला धक्का बसेल, ती एकट्याने करायची नाही. आपल्या चारीचे पाणी आपण कसेही फिरवावे. मात्र कालव्याचा बांध फोडू नये.

पैसा आणि पुढारी

आता पैशाची गोष्ट. गटाला वर्गणी नाही, प्रवेश फी नाही. सभेच्या शेवटी एक पेटी किंवा टोपी फिरते. ज्याला जमेल तो टाकतो, ज्याला जमत नाही त्याला कोणी विचारत नाही. त्यातून खोलीचे भाडे, चहा आणि पुस्तके भागतात. अडीअडचणीपुरते थोडे राखून उरलेली रक्कम आंतरगट समितीला आणि मध्यवर्ती कार्यालयाला पाठवतात. किती पाठवायचे ते गटच ठरवतो. रक्कम लहान असली तरी तिचे मोल मोठे आहे. त्या पैशातूनच दुसऱ्या एखाद्या गावच्या बाईचा फोन उचलला जातो.

बाहेरच्यांचा पैसा मात्र घेत नाहीत. सरकारी अनुदान नाही, कारखान्याची देणगी नाही, आमदारांचा निधी नाही. याची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. जॉन रॉकफेलर (धाकटे) हे त्या काळचे अतिश्रीमंत गृहस्थ. या कामाविषयी त्यांना फार आस्था होती. सन १९३८ मध्ये त्यांनी पाच हजार डॉलर दिले. परंतु मोठी रक्कम द्यायचे नाकारले. पैशाने हे काम बिघडेल, असे त्यांचे मत होते. त्या वेळी मंडळी हिरमुसली. पुढे त्यांनाच ते पटले आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची परंपरा पडली.

राजकारणाचेही तसेच. सन १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे सहा मद्यप्यांनी वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ काढली होती. ती काही वर्षांत लाखांवर गेली. पण पुढे ती दारूबंदीच्या वादात आणि राजकारणात ओढली गेली, आपले मूळ काम विसरली आणि विरून गेली. म्हणून ए.ए. दारूबंदीच्या बाजूने बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही. गावच्या महिला मंडळाने बाटली आडवी करण्यासाठी जरूर झटावे; तो त्यांचा हक्क आहे. पण गटाला त्या मोर्च्यात ओढू नये. गटाचे काम एकच, पिणाऱ्या माणसाला न पिता दिवस काढायला सोबत करणे.

गावात नाव कसे झाकायचे?

शहरात कोण कोणाला ओळखतो? गावात मात्र शाळेच्या खोलीत दिवा दिसला, की पारावर चर्चा सुरू होते. त्यामुळे पुष्कळ जण येत नाहीत. इथेही बाहेरची जोड उपयोगी पडते. स्वतःच्या गावात लाज वाटत असेल, तर सुरुवातीला तालुक्याच्या किंवा शेजारच्या गावच्या सभेला बाजाराच्या दिवशी जाता येते. गटात ऐकलेले गटातच ठेवायचे, हा नियम सर्वत्र पाळतात. ज्यांच्या जवळपास गटच नाही, अशा एकट्या सभासदांसाठी ए.ए.मध्ये पूर्वीपासून पत्राने सभा चालवण्याची पद्धत आहे. जहाजावरचे खलाशी आणि दूर रानात राहणारे लोक एकमेकांच्या पत्रांवर तरले. आता मोबाइलवरूनही सभा भरतात. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यालाही आता 'मी एकटा आहे' असे म्हणायचे कारण उरलेले नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट प्रकृतीची. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याची दारू एकाएकी बंद केली तर फिट येणे, भास होणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात, जिवावरही बेतते. म्हणून त्याला खोलीत कोंडून ठेवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्या देखरेखीखाली दारू थांबवावी. गट हा औषधोपचाराऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर तर गटाची गरज अधिक असते. केंद्रातले दिवस संपतात, गावातली वाट तीच राहते आणि त्या वाटेवर गुत्ताही तिथेच असतो.

दुसरी गोष्ट घरच्यांची. दारू एक जण पितो, झिंग साऱ्या घराला चढते. म्हणून मद्यप्यांच्या बायका, आई-वडील आणि मुले यांचे 'अल-ॲनॉन' नावाचे वेगळे गट आहेत. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस आणि त्यांची एक मैत्रीण यांनी सन १९५१ मध्ये या गटांना एकत्र बांधले. नवरा सभेला जात नसला तरी बाईला आपल्या गटात जाता येते. तिथे कोणी तिला 'तूच त्याला सुधार' असे सांगत नाही. आपले मन आणि आपले घर कसे सावरावे, हे ती इतर बायकांकडून शिकते.

तिसरी गोष्ट गावकऱ्यांची. सरपंच, मास्तर, ग्रामसेवक आणि देवळाचे पंच यांनी मनावर घेतले तर गटाला आठवड्यातून दीड तास खोली देता येईल. खोली फुकट देऊ केली तरी गट थोडेफार भाडे देईल. ते संकोच न करता घ्यावे. स्वतःच्या पैशाने बसण्यात त्यांचा मान आहे. खोली दिल्यावर आत डोकावू नये, नावे विचारू नयेत आणि आपल्या हस्ते उद्घाटन करवून घेण्याचा आग्रह धरू नये.

आणि ज्या बंधूंनी नुकतीच दारू सोडली आहे त्यांना एवढेच सांगणे, की तुमच्या गावात दोघे-तिघे जमत असाल तर थांबू नका, बसायला सुरुवात करा. दोन-तीन जणांचाही गट होतो. मात्र पहिल्याच महिन्यात शेजारच्या गटाचा किंवा आंतरगट समितीचा शोध घ्या, त्यांचे दोन जुने सभासद बोलावून घ्या, आपला प्रतिनिधी नेमा आणि पेटीतले चार पैसे नेमाने पुढे पाठवा.

वारीत प्रत्येक दिंडीची भजने, मुक्काम आणि स्वयंपाक आपापला असतो. तरीही दिंडी पालखी सोहळ्यात आपली जागा धरून चालते. म्हणून थकलेल्या वारकऱ्याला मागचे-पुढचे सांभाळून घेतात. दारू सोडण्याची वाटही लांबची आहे, आणि ती रोज चालावी लागते. तुमचा गट लहान असला तरी चालेल. त्याचे पुढचे-मागचे गट कोणते, हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.